दुर्गदबैल, तापलेली नळी आणि मातीचा लेप

गोव्यातल्या माणसाला हुबळी परकी वाटत नाही. कुणाची सोयरीक तिकडची असते, कुणी लग्नाचा बस्ता बांधायला गेलेला असतो, कुणी नुसताच कामानिमित्त येऊन-जाऊन असतो. 1888 मध्ये मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे आली ती मुळात दक्षिण महाराष्ट्र आणि धारवाड प्रांतातला कापूस बंदरावर आणण्यासाठी. कापसाचे दिवस गेले, पण वाट मोडली नाही. ज्यांना आगगाडीची वाट पाहायची नसते ते मोटरसायकलवर टांग टाकतात. फोंडा, मोले, अनमोडचा घाट, रामनगर, अळणावर, धारवाड आणि मग हुबळी. या वाटेने जो उन्हाळ्यात गेला आहे त्याला दोन गोष्टी पक्क्या कळतात. एक, घाट चढून आलेल्या गाडीची सायलेन्सरची नळी किती तापते. आणि दोन, गाडीवरून उतरताना पाय कुठे न्यायचा नाही!

आजचा विषय हाच आहे, ती तापलेली नळी आणि तिच्यावर चढवायचा सिरॅमिकचा लेप. विषय ऐकून काही वाचक म्हणतील, हा गॅरेजचा विषय, संस्कृतीच्या पानावर कशाला? पण मित्रहो, चूल, मडके, कंदील आणि कौल हे जर संस्कृतीत बसत असेल तर सायलेन्सरने काय पाप केले? आगीपासून अंग वाचवण्यासाठी माणसाने काय काय लेप लावले त्या लांबलचक गोष्टीतले हे एक प्रकरण आहे, आणि ते आपल्या पोटरीपर्यंत येऊन पोचलेले आहे.

दुर्गदबैल या नावापासून सुरुवात करतो. मराठी कानाला तिथे बैल ऐकू येतो आणि माणूस चौकात नंदीचा पुतळा शोधू लागतो. पण कानडीत बयलु म्हणजे मोकळी जागा, मैदान. दुर्ग म्हणजे किल्ला. दुर्गद बैल म्हणजे किल्ल्याचे मैदान. किल्ला कुणाचा? 1727 च्या सुमारास बसप्पा शेट्टर नावाच्या व्यापाऱ्याने सावनूरचा नवाब अब्दुल मजीद खान याची परवानगी घेऊन येथे किल्ला बांधला आणि त्याच्या मैदानाभोवती नवी हुबळी वसवली. म्हणजे हे गाव राजाने नव्हे, व्यापाऱ्याने वसवलेले. जुनी हुबळी त्याआधीही पेठ म्हणून नावाजलेली होतीच. इंग्रजांची वखार तिथे होती आणि 1673 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने हुबळी लुटली तेव्हा त्या वखारीलाही झळ पोचली. तिच्या भरपाईचे गाऱ्हाणे इंग्रज पुढे बरीच वर्षे गात होते. अठराव्या शतकाच्या मध्यावर हा मुलूख सावनूरकरांकडून मराठ्यांकडे आला. एक हुबळी पेशव्यांकडे, दुसरी सांगलीच्या पटवर्धनांकडे. 1817 मध्ये एक आणि 1820 मध्ये दुसरी अशा दोन्ही इंग्रजांच्या हाती गेल्या. शहरात मराठा गल्ली आहे, बाजारात मराठी बोलून काम भागते, आणि 2014 पासून सरकारदरबारी नाव हुब्बळ्ळी झाले तरी आपल्या तोंडी हुबळीच राहिली आहे.

किल्ला आता नाही. मैदानही म्हणायला नाही, कारण दुकानांनी ते भरून टाकले आहे. बांगड्या, कापड, भांडी, कुंकू, फुले, आणि संध्याकाळी गिरमिट-भजीच्या गाड्या. या गर्दीतून मोटरसायकली ज्या पद्धतीने वाट काढतात ती बघण्यासारखी असते. माणूस आणि नळी यांच्यात चार बोटांचेही अंतर नसते. चटक्याचा अभ्यास करायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

चटका म्हणजे नेमके काय, याचा हिशेब अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन संशोधकांनी मांडला आणि 1947 मध्ये प्रसिद्ध केला. कातडी 44 अंश सेल्सिअसला जळायला सहा तासांच्या आसपास लागतात. 60 अंशांना काही सेकंद पुरतात. 70 अंशांना एक सेकंदही लागत नाही. आता चार-स्ट्रोक इंजिनातून बाहेर पडणारा धूर तोंडाशी 600 ते 800 अंशांचा असतो आणि इंजिनालगतची नळी बाहेरून दोनशे-तीनशे अंशांवर सहज असते. म्हणजे आपण ‘अरे’ म्हणेपर्यंत काम झालेले असते. माझ्या स्वतःच्या उजव्या पोटरीवर या विद्येचे प्रमाणपत्र आहे, पिंपळपानाएवढे. गोव्यातल्या पायलटांच्या, म्हणजे भाड्याने मोटरसायकल चालवणाऱ्यांच्या, पायावर असे डाग शोधावे लागत नाहीत. मागे बसलेल्या अर्ध्या चड्डीतल्या मुलांच्या पायांवर तर ते हटकून असतात.

आपल्याकडे गाड्या कशा बदलत गेल्या तेही पाहायला हवे, कारण चटक्याचा इतिहास त्यात दडला आहे. 1955 मध्ये मद्रासला बुलेट बनू लागली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरला जावा आली आणि तीच पुढे येझदी झाली. 1996 मध्ये तो कारखाना बंद पडेपर्यंत कर्नाटकात आणि गोव्यात तिचे राज्य होते. जावा-येझदीला दोन बाजूंना दोन सायलेन्सर. दिसायला ऐटदार, पण एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईला पाय सांभाळावा लागे, साडीचा काठ सांभाळावा लागे आणि मांडीवरच्या मुलाचा पायही. 1989 च्या केंद्रीय मोटर वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाला निम्मे झाकणारे आवरण सांगितले आहे. त्यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. म्हणजे साडी चाकात जाऊ नये याची काळजी कायद्याने घेतली. नळीपासून पाय वाचवण्याचे काम बाईच्या सवयीवर राहिले.

1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि चार-स्ट्रोक इंजिन घराघरांत पोचले. दोन-स्ट्रोक गाड्या धूर जास्त सोडत. त्यांच्या सायलेन्सरमध्ये तेलाची काजळी साचे आणि मेस्त्री लोक तो सायलेन्सर काढून चक्क आगीत भाजून साफ करत. चार-स्ट्रोकचा धूर स्वच्छ, पण तोंडाशी जास्त गरम. नव्या गाडीची क्रोमची नळी आठ दिवसांत सोनेरी, मग जांभळी, मग निळी पडायची आणि मालकाचा जीव खालीवर व्हायचा. गाडी बिघडली असे त्याला वाटे. खरे तर तो धातूवर चढलेल्या अतिशय पातळ ऑक्साइडच्या थराचा रंग. थराची जाडी वाढते तसा रंग बदलतो, पावसाच्या पाण्यावर सांडलेल्या तेलासारखा. हुशार मेस्त्री नुसत्या रंगावरून इंजिन किती तापते आहे ते सांगतो.

आता लेपाकडे वळू. आपल्या आज्या-पणज्या चुलीवर भांडे चढवण्याआधी बुडाला बाहेरून मातीचा किंवा राखेचा लेप देत. काजळी भांड्याला न चिकटता लेपाला चिकटते, भांडे लवकर घासून होते आणि जाळ एका ठिकाणी थेट लागत नाही. हा आपला पहिला सिरॅमिक लेप! सिरॅमिक म्हणजे तरी दुसरे काय? मातीसारखी, धातू नसलेली वस्तू भाजून कडक केलेली. मडके सिरॅमिक, कौल सिरॅमिक, कपबशी सिरॅमिक. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या भिंतीवर 1935 मध्ये जोर्ज कोलासो यांनी निळ्या-पिवळ्या फरशांत जे कॅमोंइशचे महाकाव्य चितारले आहे तेही सिरॅमिकच, मातीवर काचेचा झिलईदार थर. हीच झिलई मातीऐवजी लोखंडावर चढवली की त्याला इनॅमल म्हणायचे. अठराव्या शतकात जर्मन लोकांनी लोखंडी भांड्यांवर ती चढवायला सुरुवात केली आणि पुढे ती आपल्या घरात पांढऱ्या, निळ्या काठाच्या ताटल्यांच्या रूपाने आली. रेल्वे स्टेशनांवरच्या जुन्या पाट्याही इनॅमलच्या. ऊन-पाऊस खाऊन त्यांचा रंग उडत नसे, पण दगड लागला की टवका उडे आणि तिथून गंज धरे.

हा टवका महत्त्वाचा आहे. लोखंड तापले की जास्त फुगते, काच कमी फुगते. दोघांची ओढाताण झाली की काच तडकते. इनॅमल करणाऱ्याची सगळी विद्या या दोघांचे पटवून देण्यात आहे. सासू-सुनेसारखेच म्हणा ना. आपल्या भागात काच आणि आग यांचे हे नाते ओळखणारी माणसे होतीच. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी 1916 मध्ये काच कारखाना काढला आणि त्या गावाला ओगलेवाडी हे नाव मिळाले. तिथला प्रभाकर कंदील माझ्या आजोळी माळ्यावर कितीतरी वर्षे होता. कंदिलाची काच आतून ज्योतीने तापलेली असताना बाहेरून पावसाचा थेंब पडतो आणि तरी ती तडकू नये लागते. सायलेन्सरची अडचण हीच. आतून आग, बाहेरून अनमोडचा पाऊस.

एक्झॉस्टच्या नळीला सिरॅमिक लावण्याचा गंभीर प्रयत्न दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत झाला. निकेल आणि क्रोमियम या धातूंची टंचाई होती. हे दोन धातू घातलेले पोलाद आगीत टिकते, साधे पोलाद खपल्या धरून झडते. तेव्हा वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी प्रयोगशाळेतल्या इनॅमलच्या जाणकारांनी साध्या पोलादावर लावायचे लेप तयार केले. विल्यम हॅरिसन, ड्वाइट मूर आणि जोसेफ रिचमंड ही त्यातली नावे. काचेच्या भुकटीत न वितळणाऱ्या ऑक्साइडची पूड मिसळून ते लेप बनवले होते. जाडी केसाएवढी. त्यांचे काम 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झाले आणि विमानांच्या एक्झॉस्ट नळ्यांसाठी, पुढे जेट इंजिनांसाठी त्याचा विचार झाला.

या कामाचा हेतू नीट लक्षात घ्या. तो लेप उष्णता अडवण्यासाठी नव्हता, नळी वाचवण्यासाठी होता. हवेतला प्राणवायू तापलेल्या पोलादापर्यंत पोचू नये म्हणून काचेची चादर पांघरली, एवढेच. आपल्या पोटरीशी त्याचा काही संबंध नव्हता.

उष्णता अडवणारा लेप हे दुसरे घराणे आणि त्याचा मूळपुरुष झिरकॉन नावाचा खडा. मार्टिन क्लाप्रोथ या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1789 मध्ये सिलोनहून आलेल्या अशा खड्यात झिरकोनियम हे नवे मूलद्रव्य ओळखले. आपल्या किनाऱ्यावर याचे साठे आहेत. 1909 मध्ये शोमबर्ग या जर्मनाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडले आणि तिथून केरळ-तमिळनाडूच्या काळ्या वाळूचा शोध सुरू झाला. त्याच वाळूत झिरकॉनही असतो. 1950 मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी या वाळूसाठी स्थापन झाली. झिरकॉनचे पीठ आपल्या जवळच्या ओतकामातही आहे. कोल्हापूर आणि बेळगाव ही फाउंड्रीची गावे. तिथे वितळलेले लोखंड साच्याच्या वाळूला चिकटू नये म्हणून साच्याला आतून ग्रॅफाइटचा किंवा झिरकॉनचा लेप देतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलीचे दुकान काढले, 1910 मध्ये ते औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडीत लोखंडाचे नांगर ओतू लागले. दोन चाकांपासून ओतकामापर्यंतची ही वाट आपल्या मुलखाने अशी शंभर वर्षांपूर्वीच चालून पाहिली आहे.

झिरकॉनपासून झिरकोनिया काढतात. ती सुमारे 2700 अंशांपर्यंत वितळत नाही आणि उष्णता फार हळू पुढे सरकू देते. अमेरिकेच्या एक्स-15 या रॉकेट विमानाने 1959 मध्ये उड्डाणे सुरू केली, आणि नंतर त्याला बसवलेल्या मोठ्या रॉकेट इंजिनात आतून झिरकोनियाचा फवारलेला थर होता. पुढे 1976 मध्ये क्लीव्हलंडच्या नासाच्या प्रयोगशाळेत जेट इंजिनाच्या पात्यांवर यिट्रिया मिसळलेल्या झिरकोनियाचा थर देऊन ते इंजिन चालवून पाहिले. खाली धातूचा एक चिकट थर, वर सिरॅमिक. फुगण्या-आकसण्याचे भांडण मिटवणारा तो मधला थर म्हणजे घरातला शहाणा दीर! लेप चढवायची रीतही वेगळी. प्लाझ्माच्या ज्वाळेत, जिथे तापमान दहा हजार अंशांच्याही वर असते, सिरॅमिकची पूड सोडतात. कण वितळतात आणि जोराने धातूवर आदळून चपटे होऊन बसतात. घरी सारवताना शेणाचे चपके मारतात तसे, एकावर एक. दोन चपक्यांमध्ये बारीक फटी राहतात, आणि त्या फटींमुळेच हा थर उष्णता आणखी अडवतो. आपल्या देशात हैदराबादची एआरसीआय ही संस्था अशा फवारलेल्या लेपांवर काम करते.

विमानाच्या पात्यावरून हा लेप शर्यतीच्या गाड्यांच्या नळ्यांवर आला आणि तिथून मोटरसायकलींवर. आता खरा प्रश्न. पात्याला जे वाचवते ते पोटरीला वाचवते का?

मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. जेटच्या पात्याला बाहेरून भयंकर जाळ आणि आतून थंड हवा असते. त्यातून दर चौरस मीटरला दहा लाख वॅटच्या घरात उष्णता वाहते. एवढा ओघ असला की पाव मिलिमीटरचा सिरॅमिकही शंभर-दीडशे अंशांचा फरक पाडतो. मोटरसायकलच्या नळीतून बाहेरच्या वाऱ्यात वाहणारी उष्णता तिच्या पन्नासाव्या हिश्शाएवढीही क्वचितच असते. ओघ कमी, म्हणून लेपाने पडणारा फरकही कमी. पाव मिलिमीटर थराच्या आत-बाहेर पाच-दहा अंशांपेक्षा जास्त फरक पडू नये. तीनशे अंशांची नळी दोनशे नव्वद अंशांची झाली तर कातडीला त्याचे काय? वाहत्या ओढ्याला बांध घातला तर पाणी तुंबते, थेंब-थेंब झिरपणाऱ्या पाण्याला तोच बांध घालून काय तुंबणार!

मग या लेपाचा उपयोग शून्य का? तसे नाही. तीन फायदे खरे आहेत. पहिला, नळी गंजत नाही, आणि समुद्राच्या वाऱ्यात राहणाऱ्या गोवेकराला हा फायदा लहान नाही. दुसरा, लेप चकचकीत, ॲल्युमिनियम मिसळलेला असेल तर नळीतून निघणारी किरणांची झळ पुष्कळ कमी होते. त्याच तापमानाच्या काळ्या नळीच्या मानाने चौथा-पाचवा हिस्सा. पाय टेकलेला नसतानाही जी धग लागते ती या किरणांची. पण ध्यानात ठेवा, चकचकीत नळी झळ कमी देते म्हणजे स्वतः जास्त तापते. हात लागला तर ती काळीपेक्षा वाईट. तिसरा फायदा स्पर्शाचा. स्टीलच्या पेल्यातला चहा ओठ पोळतो आणि मातीच्या कुल्हडातला तेवढाच गरम चहा पोळत नाही, कारण माती आपली उष्णता हळूहळू हाती देते. झिरकोनियाचा थर असाच वागतो, पण तो इतका पातळ की ही दया पाव सेकंदापुरती. पाय चटकन ओढून घेणाऱ्याला ती उपयोगी, गाडीखाली अडकलेल्याला नाही.

दुर्गदबैलच्या आसपासच्या एका गॅरेजवाल्याशी या विषयावर माझे एकदा बोलणे झाले होते. वय झालेला माणूस, घरी मराठी, धंद्यात कानडी. मी हिशेब सांगू लागलो तर तो हसला. म्हणाला, “साहेब, उष्णता काय मरती व्हय? हिकडं दाबली की तिकडं निघती. आमी काय करतो, नळीवर पत्रा मारतो, पण चिकटवत न्हाई. बोटभर जागा सोडतो. मधी वारा खेळला पायजे.” एवढ्याशा वाक्यात सगळे शास्त्र आले. हवा ही उष्णता अडवण्यात झिरकोनियापेक्षा कितीतरी सरस आहे आणि ती फुकट मिळते. जुन्या कौलारू घराची गोष्ट तीच. बासेल मिशनचे लोक 1839 मध्ये हुबळीत आले, त्याच मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौले गोव्यापासून मुंबईपर्यंत घरांवर चढली. कौल स्वतः तापतेच. घर थंड राहते ते कौलाखालच्या माळ्याच्या हवेमुळे आणि फटींतून निघून जाणाऱ्या गरम वाऱ्यामुळे. कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांवर भोके पाडलेला जो पत्रा नळीपासून अलग बसवलेला असतो त्याचे तत्त्व हेच. हौसेखातर तो पत्रा काढून ‘उघडी’ नळी मिरवणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवे.

त्याच माणसाने आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी नळीवर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरना ॲस्बेस्टॉसचे पांघरूण घालण्याची पद्धत जगभरच्या रेल्वेंत होती, आणि रेल्वेच्या वर्कशॉपचे गाव म्हटले की असली विद्या भिंतीपलीकडे गावात झिरपतेच. दोरी सुरीने कापायची, हाताने गुंडाळायची, उरलेला भुसा फुंकून टाकायचा. हा फुंकलेला भुसा फुफ्फुसात जाऊन बसतो आणि वीस-तीस वर्षांनी आपला हिशेब मागतो. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये निकाल दिला आणि आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल कारखान्यातल्या कामगारांपर्यंत किती पोचला हा वेगळा प्रश्न, पण गल्लीतल्या गॅरेजात दोरी गुंडाळणाऱ्या पोराची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती. पायाचा चटका आठ दिवसांत बरा होतो आणि डाग मिरवता येतो. फुफ्फुसाचा डाग कुणाला दिसत नाही. जुनी, पांढुरकी, विस्कटलेली दोरी एखाद्या जुन्या गाडीवर अजून दिसली तर ती स्वतः खरवडू नका, पोरांना तर मुळीच खरवडू देऊ नका.

आता त्या दोरीची जागा काचतंतूच्या किंवा बसाल्टच्या पट्टीने घेतली आहे. पट्टी उष्णता अडवते हे खरे, कारण तिच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. पण आपला पाऊस तिला ठाऊक नाही. पट्टी पाणी पिऊन बसते आणि आतली साध्या पोलादाची नळी गुपचूप कुजते. चार महिने पावसात चालणाऱ्या गाडीला ती नकोच.

बाजारात आज ‘सिरॅमिक’ हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की गिऱ्हाइकाने सावध राहायलाच हवे. याच नावाने निदान चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. एक, गाडीच्या रंगावर चमक टिकवण्यासाठी चोळायचे सिलिकाचे पाणी. त्याचा उष्णतेशी संबंध नाही. दोन, डब्यातून फवारायचा उष्णतारोधक रंग. तो सहाशे अंशांच्या आसपास टिकतो, नळी काळी आणि नीटनेटकी दिसते, पण पायाला फरक पडत नाही. तीन, भट्टीत भाजलेला ॲल्युमिनियम-सिरॅमिकचा लेप. गंज आणि झळ यांवर चांगला. आणि चार, प्लाझ्माने फवारलेला झिरकोनिया, जो महाग असतो आणि ज्यासाठी नळी उतरवून कारखान्यातच पाठवावी लागते. टपरीवर दहा मिनिटांत ‘सिरॅमिक’ करून देणारा यातला चौथा प्रकार देत नाही, एवढे नक्की समजा.

एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चे नियम लागू झाले आणि या गोष्टीला नवे वळण लागले. विषारी धूर निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नळीच्या पोटातच असतो आणि तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे आता गाडी बनवणाऱ्यालाच नळीतली उष्णता हवी आहे! इतकी वर्षे जिला हाकलत होतो तिला पाहुणी म्हणून आत बसवायचे आणि बाहेरच्या माणसाला मात्र तिची धग लागू द्यायची नाही, असे हे दुहेरी काम. त्यामुळे नव्या गाड्यांच्या नळ्यांवर झाकणे मोठी झाली आहेत, पोटे फुगली आहेत. जुन्या गाडीच्या सडपातळ नळीवर भाळलेले लोक नाके मुरडतात. पण त्या फुगीर पोटात आपल्या सर्वांच्या फुफ्फुसांची सोय आहे.

चटका बसलाच तर काय करावे हेही लिहून ठेवतो, कारण इथेही लेपांचीच परंपरा आड येते. आमच्या लहानपणी भाजल्यावर निळी शाई ओतत. कुणी हळद, कुणी चुना, कुणी तूप आणि आता टूथपेस्ट. यातले काही लावू नका. वाहत्या साध्या पाण्याखाली पाय वीस मिनिटे धरा. बर्फ नको, फोड फोडायचा नाही, आणि भाजलेली जागा तळहाताहून मोठी असेल किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरांकडे जा. लोखंडाला लेप लागतो, ताज्या भाजलेल्या कातडीला लागते ते पाणी.

दुर्गदबैलच्या किल्ल्याची भिंत जशी दोनशे-तीनशे वर्षांत कुणाच्या लक्षातही न येता नाहीशी झाली, तशी ही मेस्त्री लोकांची विद्याही जाणार आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाकीला धूर नाही, नळी नाही आणि चटकाही नाही. नळीचा रंग पाहून इंजिनाची तब्येत सांगणारा माणूस, पत्रा आणि नळी यांत बोटभर वारा खेळवणारा माणूस, सायलेन्सर भाजून साफ करणारा माणूस यांच्याबद्दल मराठीत काय लिहून ठेवले आहे? राजांच्या लढाया आणि देवळांचे शिलालेख आपण लिहिले. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, म्हापसा, मडगाव इथल्या गॅरेजांत अजून साठी-सत्तरीतले मेस्त्री बसलेले आहेत. गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा घाई करू नका. चहा मागवा आणि त्यांना विचारा.